विदूषकाचं नाक

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी पाय आखडावेत. गोष्ट लहान आहे, पण वाटून घेतली तर सगळ्यांना पुरेल. तिच्यात चोरी आहे, आळ आहे आणि एक लाल नाक आहे. देवाचं नाव घेऊन सुरुवात करू या. शेवटी तुमचे हात आपोआप जुळले नाहीत, तर पुढच्या वेळी मला खुशाल मध्येच उठवा.

१

मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली, "मारलं! अरे, जिवंत होतं ते, मारलं!"

खालचा दूधवाला सायकल तशीच टाकून जिने चढला. वर जाऊन पाहतो तर रक्त नाही की प्रेत नाही. काचेच्या कपाटापुढे चावीकाका उभे आणि त्यांच्या तळहातावर नाण्याएवढं एक बायकी मनगटी घड्याळ.

"काका, कोणाला मारलं?"

"हे बघ! बंद!"

दूधवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "काका, तुमचं घड्याळ बंद पडलंय, माझं दूध नासतंय," असं म्हणून तो धापा टाकत उतरून गेला.

दूधवाल्याला काय ठाऊक? चावीकाकांनी जन्मभर जमिनीचे नकाशे काढले होते. केसाएवढी रेघ ओढायची तर त्यांनीच, असा त्यांच्या हाताचा लौकिक. आणि जन्मभराचं वेड एकच, मनगटी घड्याळं. कपाटात शेकडो. बॅटरीचं एकही नाही. सगळी चावीची, नाहीतर हातात घातली की आपली आपण चावी भरून घेणारी. रोज सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, काका घड्याळांना चावी द्यायला बसत. म्हणून त्यांचं नाव चावीकाका.

त्या सगळ्या पसाऱ्यात मधल्या फळीवर दोनच घड्याळं होती, आणि ती दोन्ही काकूंची. काकू टायपिंग शिकवायच्या. पहिल्या पगारात त्यांनी हे नाण्याएवढं घड्याळ घेतलं होतं. त्याचं चावीचं बटण मोहरीएवढं. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, पण ते घड्याळ एक दिवस थांबलं नव्हतं. काका म्हणत, "ती घरात आहे. टिकटिक ऐकू येते ना?"

दुसरं घड्याळ म्हणजे निव्वळ थट्टा. काकांच्या घड्याळवेड्या मित्रांची वर्षाच्या शेवटी एक बैठक भरे. तिचा नियम असा, की त्या दिवशी खरं घड्याळ कोणी घालायचं नाही, वेडं घालायचं, आणि किती वाजले हे विचारेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मग कोणाचे काटे उलटे फिरत, कोणाच्या तबकडीत सेकंदाच्या काट्याऐवजी मासा पोहत असे, कोणाच्या पट्ट्यावर रंगीत दिवे लुकलुकत. काकूंनी पहिल्याच बैठकीसाठी बाजारातून विदूषकाचं घड्याळ आणलं होतं. विदूषकाचा चेहरा एका बाजूने काढलेला, आणि जिथे चावीचं बटण असतं तिथे त्याचं नाक. वाटाण्याएवढं, लालभडक. नाक पिळायचं, की चावी भरते. डबा भला थोरला, पण आतलं यंत्र कारखान्याने काटकसर म्हणून बायकी घड्याळाचंच घातलेलं. काकू म्हणायच्या, "बाहेरून पैलवान, आतून परकरी पोर!"

परवा रविवारी बैठक झाली. सोमवारी सकाळी विदूषक फळीवरून नाहीसा. आणि आज मंगळवारी काकूंचं घड्याळ मेलेलं.

"तिखट्या!" काका दातओठ खात म्हणाले. "विदूषक नेला तो नेला, आणि जाता जाता हिच्या घड्याळाचं काहीतरी करून गेला."

तिखटराव हे काकांचे चाळीस वर्षांचे मित्र. मित्र कसले, साडेसाती! ते स्वतःही घड्याळं जमवत, आणि दुसऱ्याच्या घड्याळाला चांगलं म्हणणं त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हतं. काकांनी सोमवारीच फोन करून त्यांना तोंडावर चोर म्हटलं होतं. पलीकडून एवढंच उत्तर आलं होतं, "काय समजायचं ते समज."

सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि काकांच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. "आत्या, तुम्ही आजच या. हे नुसतं घड्याळाचं राहिलं नाही. आत्ता तिखटकाकांच्या मुलीचा फोन होता. उद्या त्यांचं छातीचं ऑपरेशन आहे. इथे कोणाला पत्ताच नव्हता! आणि ते कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, चाळीस वर्षांच्या मित्राने चोर ठरवलं, आता वाचून कोणाकडे जाऊ?"

२

अक्का दुपारी पोचल्या. उंचीला बेताच्या, आवाजाने भरभक्कम. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी झाली होती. माणूस 'हॅलो' म्हणाला की पुढे खरं बोलणार की खोटं, हे आपल्याला कळतं, असं त्या म्हणत. दुसरा नाद गाऊन केलेल्या निरूपणाचा. कुठे बुवा उभे राहिले की अक्का पहिल्या रांगेत. आणि बुवांचाच एक धडा त्यांनी संसाराला लावला होता: आधी गोष्ट पुरती ऐकावी, अर्थ मागाहून लावावा. अर्धी गोष्ट ऐकून जो अर्थ लावतो, तो हमखास फसतो.

"तू अर्थ आधी लावलास," भावाला पाहताच त्या म्हणाल्या. "आण ते घड्याळ."

काकांनी ते दोन्ही तळहातांच्या द्रोणात आणलं. अक्कांनी चष्मा वर केला, घड्याळ हळूच हलवलं, कानाला लावलं. आत जरासं टिकटिकून गप्प झालं. मग त्यांनी मोहरीएवढं बटण अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखात पकडलं आणि फिरवू लागल्या. कर्र, कर्र. बोट दुखलं, पण सोडलं नाही. आणि ऐका हो, ते घड्याळ चालू लागलं!

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "चाललं! अक्के, चाललं!"

"चालेल नाहीतर काय करेल? हे मेलं नव्हतं. उपाशी होतं."

"उपाशी?" काकांचा चेहरा क्षणात बदलला. "मी रोज सकाळी सगळ्यात आधी ह्याला चावी देतो. आज सकाळीसुद्धा द्यायलाच बसलो होतो. काल दिली, परवा दिली. सहा वर्षांत एक खाडा नाही!"

भाऊ खोटं बोलत नव्हता. तो आवाज त्या लहानपणापासून ओळखत होत्या. मग चावी गेली कुठे?

"एकदा दिलेली चावी परत काढता येते का रे?"

"येते. पाठ उघडायची, आतला खटका सोडायचा, की सगळी चावी सर्रकन उतरते. पण ते ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. कारागीरच पाहिजे." बोलता बोलता काका थबकले. "अक्के, रविवारी भिंगमामा आला होता. कपाटापाशी तो आणि तिखट्या, दोघंच उभे होते!"

३

"खरंय," सूनबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात जायला निघाल्या होत्या, पण अक्कांनी त्यांना ओट्यापाशीच धरलं. "मी बशा न्यायला गेले, तर दोघांची कुजबुज चालली होती. मला पाहून गप्प झाले. पण एक वाक्य कानावर पडलंच. तिखटकाका म्हणाले, 'त्याला कळता कामा नये.'"

"अस्सं. आणि विदूषक?"

"तेव्हा होता फळीवर. रात्री आवरताना मी पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू? कपाटाची किल्ली माझ्याकडेही असते, आत्या. तेव्हा संशय घ्यायचा तर माझाही घ्या."

"घेतला होता," अक्का म्हणाल्या. "पण तुझा तो खेळण्यातला विदूषक नेऊन काय उपयोग? दात थोडेच आहेत त्याला! बरं, तिखट्या रोज येतो ना इथे?"

"रोज. चार वाजले की दारात. सोमवारी तेवढे आले नाहीत, तर घर कसं ओकंबोकं वाटलं. आले की पहिलं वाक्य ठरलेलं: 'दे बघू तुझं ते डबडं!' म्हणजे आईंचं घड्याळ. मग ते घेऊन खिडकीपाशी जायचे, उजेडात बघतो म्हणून, आमच्याकडे पाठ करून. तिथूनच शिव्या. 'पट्टा बघ, तबकडी बघ, दोन दिवसांत बंद पडेल हे!' पाच मिनिटं मनसोक्त बोलून घ्यायचे आणि आणून ठेवायचे. बाबा चिडायचे, मग दोघांचा चहा व्हायचा. मला तर वाटतं, त्यांना त्या घड्याळाचा हेवाच वाटत असावा."

"हं. आणि तुझे सासरे? प्रकृती बरी आहे?"

"तब्येत ठणठणीत, पण हट्टीपणा वाढलाय." सूनबाई हसल्या. "चहा अर्धा कपच घेतात, म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, देव जाणे, मला तरी नाही सांगितलं. बटणांचे शर्ट कपाटात पडून आहेत. उकडतं म्हणून डोक्यावरून घालायचेच कपडे. आणि दोन वर्षांत घेतलेली सगळी घड्याळं आपली आपण चावी भरणारी. मी म्हटलं, 'बाबा, तुम्हाला तर चावीचीच आवडतात ना?' तर म्हणाले, 'माणसाने नव्या काळाबरोबर चालावं.' नवा काळ म्हणे! ती घड्याळं त्यांच्याच वयाची आहेत."

अक्कांनी ओट्यावरचा तो अर्धा कप उचलून पाहिला. बशीत एक थेंबही सांडलेला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला शोधू लागल्या.

"कुठे निघालात आत्या?"

"भिंगमामाकडे. चोर सापडला की नाही ठाऊक नाही, पण गोष्टीचा अर्धा भाग अजून बाकी आहे."

४

भिंगमामांचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या फटीत बसवलेलं एक टेबल. डोळ्याला भिंग अडकवून ते इतकी वर्षं बसले होते, की भिंग काढलं तरी एक डोळा बारीकच राही. टेबलावर चिमटे, तेलाची कुपी, आणि धूळ बसू नये म्हणून उघड्या यंत्रांवर पालथे घातलेले काचेचे वाडगे.

"अक्का! या, या. बसायला जागा नाही, पण या."

अक्कांनी काकूंचं घड्याळ पुढे ठेवलं. "ह्याची पाठ कोणी उघडली आहे का, एवढं बघा."

भिंगमामांनी घड्याळ उलटं केलं. "नाही. गेल्या महिन्यात मी साफ करून बंद केलं, त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. पाठ उघडली की कडेला ओरखडा येतोच, कितीही जपा. हे बघा, स्वच्छ आहे."

"म्हणजे कोणी खटका सोडून चावी उतरवली, असं झालं नाही?"

"शक्यच नाही."

"यंत्र थकलं असेल? भरलेली चावी लवकर संपत असेल?"

"अक्का, हे यंत्र म्हणजे लेकुरवाळी बाई आहे. एकदा भरपेट चावी दिली की दीड दिवस कुरकुर करायची नाही. मी स्वतः पारखलंय."

दीड दिवस. अक्कांनी मनात मागे मोजलं. आज सकाळी बंद, म्हणजे शेवटची पोटभर चावी रविवारी. सोमवारी कोणी दिली नाही. आणि भाऊ तर छातीवर हात ठेवून सांगतो, की मी सोमवारीही दिली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका वाडग्याकडे त्यांचं लक्ष गेलं. काचेखाली काहीतरी लाल होतं. भिंगमामांनी चटकन त्यावर फडकं टाकलं.

"मामा," अक्का गोड आवाजात म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये लोक बोलता बोलता रिसीव्हरवर हात ठेवायचे. त्यांना वाटायचं, पलीकडे ऐकू जात नाही. जायचं बरं का."

भिंगमामांनी मान खाली घालून फडकं उचललं. वाडग्याखाली विदूषक होता. डोक्यावर टोपी, ओठांवर हसू, आणि नाकाच्या जागी नुसतं भोक. लाल नाक बाजूला कागदावर वेगळं ठेवलेलं.

"तिखटरावांनी आणून दिला. रविवारीच. का, ते विचारू नका. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. तुम्ही काय तो दोष मला द्या, पण त्या माणसाला चोर म्हणू नका, अक्का. तो चोर असेल तर मग देवसुद्धा..." भिंग डोळ्याला लावून ते उगाचच चिमटे पुसू लागले.

५

तिखटरावांच्या घरी दार मुलीने उघडलं. तिचे डोळे सुजलेले. दारातच एक भरलेली बॅग, आणि टेबलावर दवाखान्याचा सही न केलेला कागद. तिखटराव खिडकीत पाठ करून बसले होते.

"आलात? जप्तीला आलात की चौकशीला?"

"चहाला," अक्का म्हणाल्या. "तोंड इकडे कर, तिखट्या. मी काही तुझ्या मित्रासारखी रडकी नाही."

"तो रडका नाही, गाढव आहे. चाळीस वर्षांत एक धड घड्याळ नाही त्याच्याकडे. सगळी डबडी."

"आणि तू त्यातला सगळ्यात भिकार विदूषक चोरलास."

"हो, चोरला! आवडला मला. लिहून घ्या."

"मग नाक का उपटलंस त्याचं?"

तिखटराव खिडकीबाहेर पाहू लागले. मुलगी चहा घेऊन आली. कुठेतरी चार वाजले. त्या घरातली सगळी घड्याळं एकामागून एक बोलली, कारण तिखटरावांच्या घरात दोन घड्याळांचं एकमत नसे. अक्का काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर तिखटरावांच्या मांडीवर गेली.

उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं. पुढे, मागे. पुढे, मागे. मध्ये काहीच नव्हतं. जणू हवेतली एखादी मोहरी चिमटीत धरून माणूस फिरवतो आहे. तिखटरावांना त्याचा पत्ताही नव्हता; डोळे बाहेर रस्त्यावर, आणि बोटं आपल्या वेळेला आपलं काम करत होती.

अक्कांच्या हातातला कप तसाच राहिला. निरूपणात शेवटी गाणारा एकदम थांबतो, आणि मग आपल्याला कळतं की गोष्ट कोणाची होती. तसं झालं त्यांना. त्यांनी कप ठेवला, उठल्या आणि त्या तिरसट माणसाच्या पायांना वाकून हात लावला.

"अहो! अक्का! हे काय? मोठ्या आहात तुम्ही!"

"गप्प बस," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "किती दिवस चाललंय हे?"

तिखटरावांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मूठ मिटली. आवाज पार उतरला होता. "दोन वर्षं होत आली. त्याला सांगू नका. लोक त्याला चावीकाका म्हणतात, अक्का. मला चोर म्हणू देत. मला काय, सगळे तसंही शिव्याच देतात. पण त्याला सांगू नका."

"सांगणार," अक्का म्हणाल्या. "मी सांगितलं नाही तर तू सही करणार नाहीस, आणि तो जन्मभर एका चुकीच्या माणसाला शिव्या देत बसेल."

६

संध्याकाळी काचेच्या कपाटापुढे तिघं बसली. काका, सूनबाई आणि अक्का.

"आता अर्थ ऐक," अक्का म्हणाल्या. "घड्याळ बिघडलं नव्हतं. कोणी चावी उतरवली नव्हती. पाठ उघडलेलीच नाही. भरपेट चावी ते दीड दिवस पुरवतं, आणि ते आज सकाळी थांबलं. म्हणजे रविवारनंतर त्याला चावी मिळाली नाही."

"पण मी..."

"तू रोज बसतोस, हे खरं. खोटं तू कधी बोलला नाहीस. पण अर्धाच कप चहा का घेतोस रे? बटणांचे शर्ट का सोडलेस? जी घड्याळं हातात घातली की आपली आपण भरतात, तीच का घेतोस?" अक्कांनी काकूंचं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "दे चावी. माझ्यासमोर दे."

काकांनी घड्याळ घेतलं. बोटं त्या मोहरीवर ठेवली. बोटं थरथरली, बटण निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. खोलीत शेकडो घड्याळं टिकटिकत होती. तिसऱ्यांदा काकांनी डोळे मिटून नुसती बोटं फिरवली. बटण जागचं हललं नाही, वरून कातडं तेवढं घसरलं.

"बाकीच्यांची बटणं मोठी, ती कशीबशी फिरतात. मला वाटायचं, हेही फिरतंय," ते हळूच म्हणाले. "थोडं का होईना, फिरतंय. संध्याकाळी पाहावं तर चालूच असायचं. मग वाटायचं, चला, जमतंय अजून." केसाएवढी रेघ ओढणारा तो हात त्यांनी मांडीखाली लपवला. "मग अक्के, दोन वर्षं हे चाललं कसं?"

सूनबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "खिडकी!" त्या म्हणाल्या. "चार वाजता! अगं बाई, पाठ करून उभे राहायचे ते..."

"दे बघू तुझं ते डबडं," अक्का म्हणाल्या. "शिव्या मोठ्याने, म्हणजे कर्रकर्र ऐकू जाऊ नये. रोज चार वाजता तुझ्या बायकोच्या घड्याळाला तुझा मित्र पोटभर चावी देत होता, आणि तुझ्याकडून वर शिव्या खात होता. उद्या ऑपरेशन आहे त्याचं. कितीतरी दिवस येता येणार नव्हतं. मग चावी कोण देणार? तुला सांगावं, तर तुझं नाव जातं. म्हणून त्याने विदूषक उचलला. का, सांग. तुझीच बायको म्हणायची ना, बाहेरून पैलवान?"

काकांनी मान वर केली. घड्याळवेडा माणूस तो. एका क्षणात सगळं दिसलं. "आतून परकरी पोर," ते पुटपुटले. "यंत्र बायकी. चावीच्या दांडीचा आटा सारखाच. त्याचं बटण हिच्या घड्याळाला बसेल... मोठं बटण. माझ्या बोटांत धरता येईल असं."

"भिंगमामा तेच पारखत होता. आटा जुळला, तर तसलं दुसरं साधं बटण गुपचूप घडवायचं, साफसफाईच्या निमित्ताने ह्या घड्याळाला बसवायचं आणि विदूषक जागच्या जागी ठेवायचा, असा बेत. पण तू सोमवारीच चोर म्हणून मोकळा झालास."

चावीकाका खूप वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मग ते रडले. आणि मग, देवाची करणी बघा, ते हसायला लागले.

"दुसरं बटण कशाला?" ते म्हणाले. "सूनबाई, माझ्या चपला आण. भिंगमामाचं दुकान उघडं असेल अजून."

७

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या खोलीत तिखटराव हिरवा डगला घालून पडले होते. सही आदल्या रात्रीच झाली होती, चावीकाकांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "गाढवा, सही कर. मी येतोय." आता ते दारात उभे होते. मागे अक्का, सूनबाई आणि दुकान बंद ठेवून आलेले भिंगमामा.

तिखटरावांनी हात पुढे केला. "काय बघतोस? दे बघू तुझं ते डबडं."

काकांनी खिशातून काकूंचं घड्याळ काढलं. नाण्याएवढं, नाजूक, तबकडी जुन्या मोत्यासारखी. आणि त्याच्या एका कुशीला वाटाण्याएवढं लालभडक नाक.

तिखटरावांनी ते पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "शोभा केलीस," ते म्हणाले. "घड्याळाची पार शोभा केलीस. वहिनी असत्या तर..."

"असती तर पोट धरून हसली असती."

"हो," तिखटराव म्हणाले. "हसल्या असत्या."

"दे इकडे," म्हणून काकांनी घड्याळ परत घेतलं. पाठ केली नाही की उजेडाचं निमित्त केलं नाही. सगळ्यांसमोर ते लाल नाक चिमटीत धरलं. हात थरथरत होता, पण नाक निसटलं नाही. कर्र. कर्र. कर्र. तिखटराव डोळे मिटून ऐकत होते, आणि चादरीवर त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता, पुढे, मागे, मित्राच्या लयीत.

नर्स दारात आली. काकांनी भरलेलं घड्याळ तिखटरावांच्या कानाशी धरलं. "ऐक. आता माझी मी देतो. तू बरा होऊन ये, आणि शिव्या दे."

"दोन दिवसांत बंद पडेल," तिखटराव म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

देव दयाळू आहे, मंडळी. तिखटराव बाहेर आले, बरे झाले आणि पहिल्याच दिवशी चार वाजता काकांच्या दारात उभे राहून म्हणाले, की ते नाक वाकडं बसलंय. पुढच्या बैठकीत बिननाकाचा विदूषक त्यांनी स्वतःच्या मनगटावर बांधला होता. त्याची वेळ एकच, कायमची.

आता उठा, दिवे लावायची वेळ झाली. पण घरी जाताना माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असेल, आणि ती आपल्याच हाताने चालते असं तुम्हाला वाटत असेल, तर चार वाजता क्षणभर थांबा, आणि खिडकीपाशी पाठ करून उभ्या राहिलेल्या त्या तिरसट माणसाची आठवण ठेवा. त्याचं नाव तिखटराव.